तीन खोटी बिळं

नदीच्या वळणावरची बिळं बुजवलेली दिसली, त्या सकाळी जळू रडली नाही. ती काठावर बसली, बुटांच्या नाड्या सोडल्या, पुन्हा बांधल्या, आणि मग एकेका बिळाच्या तोंडाशी जाऊन तिने आत हात घालून पाहिला. प्रत्येक ठिकाणी दगड लागले. नुसती माती असती तर काठ खचला म्हणता आलं असतं. पण दगड आतपर्यंत ठासून भरले होते आणि वरची जुनी झाडं मुळांसकट उपटून बाजूला रचली होती. मऊ मातीत पोकलेनच्या पट्ट्यांचे माग उमटले होते.

त्या झाडांच्या मुळांखाली पाणमांजरांचं एक कुटुंब राहत असे. मादीचा डावा कान फाटलेला होता. पिल्लं पाण्यात उतरायला कुरकुर करायची तेव्हा ती त्यांना मानगुटीला धरून सरळ खाली लोटायची. कित्येक हंगाम ओल्या गवतात पालथं पडून जळूने हे पाहिलं होतं.

जळू हे तिचं खरं नाव अर्थातच नव्हतं. ते तिच्या सरांनी ठेवलं होतं, ती त्यांची विद्यार्थिनी असताना. एखाद्या प्रश्नाला चिकटली की पोट भरेपर्यंत सुटत नाही, असं ते कौतुकाने सांगायचे. पुढे सर वन्यजीव संशोधन संस्थेचे प्रमुख झाले आणि तिला त्यांनीच संस्थेत घेतलं. नाव तेच राहिलं. घरी नवराही तेच म्हणे, सासूबाईही.

नदीकाठाने एक रुंद रस्ता होणार होता. काठावर पाणमांजरांचं वास्तव्य असेल तर रस्ता दुसरीकडून न्यावा लागतो, असा नियम होता, आणि ते वास्तव्य पाहायला लवकरच समिती येणार होती. म्हणून जळूने बिळांचा नकाशा केला होता. बिळं नेमकी कुठे आहेत हे तिने जगापासून लपवलं होतं. शिकारी तर होतेच, शिवाय नुसते हौशी फोटोवालेही पिल्लांचा जीव घ्यायला पुरेसे असतात. अचूक बिंदू असलेला नकाशा तिने तिघांनाच दिला होता: सरांना, वनखात्याच्या साहेबांना, आणि संस्थेतल्या वनस्पतितज्ज्ञ मैत्रिणीला, जिच्याबरोबर ती अनेक वर्षं एकाच टेबलावर डबा खात आली होती.

म्हणजे तिघांपैकी एकाने केसाने गळा कापला होता.

समिती आली, तिला सपाट काठ दिसला. मग संस्थेच्या लांबलचक टेबलाभोवती समितीची बैठक झाली. जळूने बिळांची जुनी छायाचित्रं दाखवली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, ती जवळ धरून पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "ही वरच्या धरणाजवळची वाटतात."

"सर, ही वळणावरची आहेत. तुम्ही स्वतः आला होतात माझ्याबरोबर."

"मी आलो तेव्हा मला खेकड्यांची आणि घुशींची बिळं दिसली होती." मग ते समितीकडे वळले. "ही माझी विद्यार्थिनी आहे. हिचा उत्साह मोठा आहे. पण उत्साह म्हणजे पुरावा नव्हे, हे मी तिला नीट शिकवू शकलो नाही, ही माझीच चूक."

समितीतले दोघं समजूतदारपणे हसले. जळूने नकाशा उघडण्यासाठी लॅपटॉप पुढे ओढला. संस्थेचं नकाशांचं सॉफ्टवेअर विकतचं होतं. त्याची चावी संस्थेच्या हातात. पडद्यावर लिहून आलं की तिचं खातं बंद करण्यात आलं आहे. तिने मान वर करून सरांकडे पाहिलं. ते पाण्याच्या ग्लासावरचं झाकण काढत होते. त्या क्षणी तिची खात्री पटली, आणि त्या क्षणी तिने डूख धरला.

नोकरी गेली, हे सांगायला नकोच. रस्त्याबरोबर नदीकाठी एक जैवविविधता केंद्र होणार असून सर त्याचे पहिले संचालक होणार आहेत, हेही लवकरच छापून आलं. बातमीसोबत केंद्राचं चित्र होतं. दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेलं पाणमांजर.

जळूच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढे काचेची कपाटं, मधे डोळे तपासायची अंधारी खोली, आणि मागे भिंगं घासायच्या यंत्राशेजारी एक टेबल. त्या टेबलावरच्या जुन्या संगणकावर जळू बसू लागली. संस्थेने नकाशे ठेवून घेतले होते, पण नदीवर नोंदी टिपलेलं जीपीएस यंत्र तिच्या मालकीचं होतं आणि त्यात सगळं होतं. तिने ओपन सोर्स नकाशाप्रणाली उतरवून घेतली. ही कुणाच्याच मालकीची नव्हती; जगभरातल्या हौशी आणि जाणत्या लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही वापरावी, उघडून पाहावी, दुरुस्त करून दुसऱ्याला द्यावी अशी. हिची चावी फिरवून तिला कुणी बाहेर काढू शकणार नव्हतं, एवढ्यावरच ती तिला आवडली.

पहिल्याच दिवशी तिची सगळी बिळं भर समुद्रात जाऊन पडली. नदी एकीकडे आणि बिंदू दुसरीकडे, आजूबाजूला निळ्याशिवाय काही नाही. नवरा मागून डोकावला.

"पाणमांजरंच ना ती? समुद्रात गेली तर बिघडलं कुठे?"

"गप बस."

ही प्रणाली वापरणाऱ्यांच्या ज्या चर्चापानावर ती मदत मागायला गेली, तिथे घुबड असं टोपणनाव घेतलेला कुणीतरी होता. कुठल्या देशातला, बाई की पुरुष, तिला कधीच कळलं नाही. घुबडाने लिहिलं: अक्षांशाच्या जागी रेखांश भरलेत, रकाने उलटे करा, आणि लाजू नका, माझं अख्खं जंगल एकदा बर्फात गेलं होतं. तिने रकाने उलटे केले. बिळं एका झटक्यात नदीच्या वळणावर येऊन बसली. फाटक्या कानाची मादी जिथे पिल्लं लोटायची तो बिंदूही बसला. तेव्हा मात्र तिला उठून मोरीत जाऊन तोंड धुवावं लागलं.

मग तिने झपाट्याने काम केलं. उपग्रहांची फुकट मिळणारी छायाचित्रं तिने नकाशावर थराथराने चढवली. जुन्या चित्रांत वळणावर झाडांचा गडद पट्टा होता. एका चित्रापासून पुढे तिथे उघडी माती. वर तिच्या नोंदी, पावलांचे ठसे, विष्ठेच्या जागा. घुबडाने एक छोटी आज्ञावली लिहून दिली, ती चालवली की दोन चित्रांमधला फरक लाल रंगात उजळून येई. जळू तो लाल डाग पाहत बसायची.

"एवढ्यावर रस्ता थांबेल," नवरा म्हणाला. "जाहीर सुनावणी आहे ना? तिथे दाखव."

"झाडं कधी तोडली हे यातून कळतं. तोडणाऱ्याला जागा कुणी सांगितली हे कळत नाही."

"रस्ता थांबला तर पुरे नाही का?"

"नाही," ती म्हणाली. "रस्ता थांबायलाच हवा. पण मला सर हवेत."

नवऱ्याने हातातली काच दिव्यासमोर धरली आणि पुसायला सुरुवात केली. बायको जेवताना बोलत नव्हती, झोपेत दात खात होती, आणि सरांच्या केंद्राची बातमी तिने कापून टेबलाच्या काचेखाली ठेवली होती. माणूस एखाद्याला पाण्यात पाहतो म्हणजे काय, ते त्याला आता रोज घरात दिसत होतं.

सासूबाई दुपारी दुकानात येऊन आरामखुर्चीत बसत आणि गिऱ्हाइकांच्या फ्रेमींना नावं ठेवत. त्यांनी एकदा सरळच विचारलं, "सरांनीच केलं, हे तुला कशावरून गं?"

"मला माहीत आहे."

"माहीत आहे आणि दाखवता येतं यात फरक आहे. उगाच साप म्हणून भुई धोपटशील आणि खरा साप कोपऱ्यात बसून हसेल." मग त्या जरा पुढे सरकल्या. "आमच्या घरी आम्ही चार जावा. मी स्वयंपाकघरात काही बोलले की ते आमच्या सासूबाईंच्या कानावर जायचं. कोण सांगते कळेना. तिघीही तोंडावर साखर. मग मी काय केलं, तिघींना तीन गोष्टी सांगितल्या. थोरलीला सांगितलं, मला इथलं पाणी मानवत नाही. मधलीला सांगितलं, मी माहेरी जायच्या विचारात आहे. धाकटीला सांगितलं, मला शिवणयंत्र घ्यायचंय. आणि वाट पाहिली."

"मग?"

"चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, सुनेला शिवणयंत्र लागतं म्हणे, हात तुटलेत का तिचे? धाकटी. जिच्या बाळंतपणात मी रात्री जागवल्या होत्या, ती."

"तुम्ही काय केलंत तिचं?"

"ते तुला कशाला हवंय," सासूबाई म्हणाल्या आणि खुर्चीत मागे टेकल्या. "पण नंतर तिने कधी तोंड उघडलं नाही."

जळूने त्याच संध्याकाळी नदीचा नकाशा उघडला. तिला तीन जागा हव्या होत्या. रस्त्याच्या आखणीला अडचण होईल इतक्या जवळ, आणि पाणमांजरं कधीच राहणार नाहीत इतक्या ओसाड. विद्यार्थ्यांना ती नेहमी बजावायची की पाय ठेवल्याशिवाय बिंदू ठेवायचा नाही. पण आता काठावर कंपनीचे पहारेकरी फिरत होते, सुनावणी जवळ आली होती, आणि तिला थांबवत नव्हतं. तिने वरून, उपग्रहाच्या डोळ्याने, तीन उघडे काठ निवडले. झाड नाही, झुडूप नाही, मुळं नाहीत. एक खडकाळ, एक गवताळ, आणि एक रेतीचा उभा कडा.

तिने तीन नकाशे केले. प्रत्येकात एकच खोटं बीळ, आणि ते दुसऱ्या दोन्हींत नसलेलं. करताक्षणी तिन्हींची एकेक बंद प्रत तिने घुबडाकडे ठेवायला पाठवली, तारखेसकट, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हिने मागाहून बनवले. खडकाळ काठ साहेबांना. गवताळ मैत्रिणीला. रेतीचा कडा सरांना.

सरांना लिहिताना तिने वेळ घेतला. "सर, तुमचं बरोबर होतं, मी घाई केली. पण कुटुंब जिवंत आहे, नव्या जागी गेलं आहे. जागा फक्त तुम्हाला कळवते आहे. या वेळी माझ्यावर विश्वास ठेवा. समिती पुन्हा यावी म्हणून शब्द टाका. तुमचीच, जळू." शेवटचे दोन शब्द लिहून तिने वाचून पाहिले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला भूक लागली.

सरांचं उत्तर लगेच आलं. "शाब्बास. कुणाला सांगू नकोस. मी बघतो."

मग वाट पाहणं. उपग्रह काही दिवसांच्या अंतराने त्या भागावरून जायचा. पहिल्या खेपेला वर ढग होते, पडद्यावर नुसता कापूस. पुढच्या खेपेला तिन्ही काठ जसेच्या तसे. नवऱ्याला वाटलं, सुटलो, आता ही शांत होईल. तिसऱ्या खेपेला तिने चित्र उतरवलं, घुबडाची आज्ञावली चालवली आणि रेतीच्या कड्यावर एक लाल चौकोन उमटला. बाकी दोन्ही काठांवर काही नाही.

ती हसली. मोठ्याने हसली, इतकं की तपासायच्या खोलीत बसलेलं गिऱ्हाईक अक्षरं वाचता वाचता थांबलं. नवरा पडदा बाजूला करून आला आणि तिचा चेहरा पाहून दारातच उभा राहिला.

"सापडले," ती म्हणाली. "धरले मी त्यांना."

पुरावा पक्का करायला जागेचे फोटो हवे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पलीकडच्या काठाने लांबून वळसा घालून गेली. चालताना तिला हलकं वाटत होतं. सुनावणीत कुठलं वाक्य आधी बोलायचं, कुठे थांबायचं, सरांकडे कधी पाहायचं, याची ती उजळणी करत होती.

लांबूनच तिला पक्षी दिसले. बारीक, तपकिरी पाकोळ्या, कड्याच्या जागेवर घिरट्या घालत होत्या. पुष्कळ होत्या. खाली यायच्या, जिथे काहीच उरलं नव्हतं त्या हवेत थबकायच्या, पुन्हा वर जायच्या. तिने दुर्बीण लावली. त्यांच्या चोचींत किडे होते. पिल्लांना भरवायला आणलेले.

पाकोळ्या रेतीच्या उभ्या कड्यात हातभर खोल बोगदे करून घरटी घालतात. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला कड्याचा माथा दिसतो, चेहरा दिसत नाही. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. कुणी विचारलं असतं तर तिने झोपेतही सांगितलं असतं.

ती ढिगाऱ्यापाशी गेली. बोटांनी रेती उकरली. थोडंसंच उकरलं, मग थांबली, कारण पहिल्याच ओंजळीत जे हाताला लागलं ते पुरेसं होतं. तिने फोटो काढले. एक त्या ओंजळीचा, बाकीचे पक्षी येणार नाहीत अशा बेताने. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, कसं झालं, तर ती म्हणाली, "छान आलेत."

जाहीर सुनावणी सभागृहात होती. वर पंखे, खाली दुमडायच्या खुर्च्या, पुढे व्यासपीठावर अधिकारी, कंपनीचे अभियंते, आणि कडेला तज्ज्ञ सल्लागार म्हणून सर. जळूची पाळी आली तेव्हा तिने स्वतःचा संगणक जोडला. सर चष्मा काढून पुसत होते.

तिने आधी वळणाचा लाल डाग दाखवला. मग म्हणाली, "यानंतर मी तीन माणसांना तीन नकाशे पाठवले. प्रत्येकात एक बीळ होतं. तिन्ही बिळं खोटी. मी बनवलेली." आणि ती थांबली, ठरवलं होतं तसं.

सभागृहात कुजबुज झाली. पहिल्या रांगेत मैत्रीण बसली होती. तिने मान वळवून जळूकडे पाहिलं.

जळूने तीन काठ एकामागून एक दाखवले. खडकाळ, तसाच. गवताळ, तसाच. मग रेतीचा कडा, आधीचा आणि नंतरचा, आणि ठेवायला दिलेली तारीखवार प्रत, आणि त्या प्रतीवर, ज्याला पाठवली त्याचं नाव. "या जागेतून रस्ता जात नाही," ती कंपनीच्या मुख्य अभियंत्याला म्हणाली. "इथे तुमचं काही काम नव्हतं. मग इथे पोकलेन कशाला पाठवलंत?"

अभियंत्याने कागद चाळले. शेजाऱ्याच्या कानात काही विचारलं. "सफाई," तो म्हणाला.

"कसली?"

त्याने जे केलं ते उत्तरापेक्षा वाईट होतं. त्याने सरांकडे पाहिलं. मग व्यासपीठावरच्या सगळ्यांनी सरांकडे पाहिलं, आणि मग सभागृहाने.

सर उभे राहिले. "ही माझी विद्यार्थिनी..." त्यांनी सुरुवात केली.

"होते," जळू म्हणाली. "उत्साह म्हणजे पुरावा नव्हे, हे तुम्ही मला शिकवलंत, सर. हा पुरावा."

कुणीतरी मागून हसलं. सरांच्या हातातला रुमाल खाली पडला आणि तो उचलायला ते वाकले तेव्हा ते एकाएकी म्हातारे दिसले. जळूने ते सगळं पाहून घेतलं, तहानेलेल्या माणसाने पाणी प्यावं तसं. शेवटी एका बाईंनी हात वर करून विचारलं, त्या रेतीच्या कड्यात खरंच काही नव्हतं ना?

"पाणमांजरं नव्हती," जळू म्हणाली आणि संगणक मिटला.

रस्त्याची आखणी रद्द झाली. वळणाचा काठ राखीव झाला. सरांचं केंद्र गेलं, पाठोपाठ संस्थेतलं पदही गेलं; निरोप समारंभाशिवाय. जळूने सगळा नकाशा, पुराव्यासकट, कुणालाही उघडता येईल असा इंटरनेटच्या जाळ्यावर ठेवला. फक्त नदीवर इतरत्र उरलेल्या जिवंत बिळांच्या जागा पुसट केल्या. दूरदूरच्या अभ्यासकांनी तो उतरवून घेतला. फितूर माणूस कसा ओळखावा याचं उदाहरण म्हणून तो शिकवला जाऊ लागला. सरांचं नाव त्यात होतंच.

मैत्रिणीने एकच फोन केला. "माझ्यासाठी गवताळ काठ निवडला होतास," ती म्हणाली. "माझ्यावरही जाळं टाकलंस?"

"खात्री करायला हवी होती."

"झाली ना खात्री?" मैत्रीण म्हणाली. "मग आता मी सुटले." आणि तिने फोन ठेवला.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर, एका दुपारी, सर चष्म्याच्या दुकानात आले. नवऱ्याने त्यांना ओळखलं. घालवून द्यावं की बसवावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने गिऱ्हाइकाला करतात तेच केलं. अंधाऱ्या खोलीत नेऊन उंच खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर चाचणीची जड फ्रेम चढवली. भिंग बदलत तो विचारत राहिला, हे बरं की हे. सर आज्ञाधारकपणे सांगत राहिले. जळू आतल्या टेबलापाशी ऐकत होती. शेवटी तीच पडदा सारून आत आली.

"चष्म्याला आला नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

"चष्म्यालाही आलोय." ती जड फ्रेम डोळ्यांवर तशीच होती, त्यामुळे त्यांचे डोळे भलतेच मोठे दिसत होते. "माझं नाव काढ त्या नकाशातून. शिक्षा झाली. नात कॉलेजात गेली आता. तिच्या वर्गात तोच नकाशा दाखवला."

"निघत नाही ते. शेकडो लोकांनी उतरवून घेतलाय. मी माझ्याकडचं पुसलं तरी त्यांच्याकडे राहणारच."

"निदान तुझ्याकडचं."

"निघत असतं तरी काढलं नसतं, सर."

नवरा भिंगांचा खण उगाचच नीट लावत होता. सर समोरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे वळले. "मी त्या कड्यावर जाऊन आलो," ते म्हणाले. "आता वेळच वेळ असतो. पायथ्याला अजून अंड्यांची टरफलं आहेत. पाकोळ्यांची वसाहत होती, मोठी. आमिष ठेवण्याआधी तू तिथे गेली होतीस?"

नवऱ्याचा हात थांबला.

"नव्हते गेले," जळू म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. तिथे कोण राहतं हे तुम्हाला माहीत होतं, वळणावर. तरी दिलीत जागा. मी बघितलंच नाही. यात कुणाचं पाप मोठं, ते मला ठरवता आलेलं नाही, खूप प्रयत्न करूनही. पण माझ्यामुळे तुमचं कमी होत नाही. तुम्ही ते मोजायला आला असाल तर परत जा."

सरांनी हळूहळू ती फ्रेम उतरवून नवऱ्याच्या हातात दिली. "मीच नाव ठेवलं होतं तुझं," ते म्हणाले आणि भिंतीला हात लावत बाहेर गेले.

त्यानंतर दुकानात घरचीच माणसं राहिली. "पाकोळ्यांचं मला बोलली नाहीस," नवरा म्हणाला.

"तुलाही नाही, कुणालाच नाही."

तिने संगणक उघडला. रेतीच्या कड्यावर नवा बिंदू ठेवला: पाकोळ्यांची वसाहत, नष्ट. खाली लिहिलं की ही जागा पाहणी न करता आमिष म्हणून निवडण्यात आली, आणि निवडणारीचं पूर्ण, खरं नाव. तो फोटोही जोडला जो तिने काढला होता आणि कुणाला दाखवला नव्हता. एकच होता, ओंजळीचा. मग तिने ते जाळ्यावर चढवलं. आता तिची चूकही कुणाला पुसता येणार नव्हती.

"पश्चात्ताप म्हणून?" नवऱ्याने विचारलं.

तिने जरा विचार केला, कारण तो प्रश्न त्याने मनापासून विचारला होता. "आहे तो. झोपू देत नाही. पण त्यांच्या हातात माझ्याविरुद्ध एकच गोष्ट उरली होती. उद्या त्यांनी ती बाहेर काढली असती, तर लोक म्हणाले असते, सगळा नकाशाच खोटा. आता नाही म्हणता येणार."

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत सासूबाई डोळे मिटून होत्या, पण झोपल्या नव्हत्या. "धाकटीचं मी काय केलं, विचारलं होतंस ना," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "तिच्याशी आयुष्यभर एक शब्द बोलले नाही. ती गेली तेव्हाही नाही. जिंकले मी."

सरांचा चष्मा तयार झाला. ते न्यायला आले नाहीत, फोनही उचलेनात. नवरा म्हणाला, मी पोचवतो. जळू म्हणाली, नको, मीच जाते. विद्यार्थिनी असताना ती त्या घरी कित्येकदा जेवली होती. त्या जिन्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत दिवा नसतो, हेही तिला आठवत होतं.

दार काकूंनी, सरांच्या बायकोने, उघडलं. त्यांनी डबी घेतली, उघडून पाहिली, मिटली. आतून रेडिओचा आवाज येत होता आणि कुणीतरी तो बारीक केला.

"तू केलंस ते बरोबर केलंस, असं सगळे म्हणतात," काकू म्हणाल्या. "मीही म्हणते. खोटं कशाला बोलू? पण आत ये असं काही माझ्याच्याने म्हणवत नाही गं."

"नका म्हणू, काकू," जळू म्हणाली.

ती कठड्याला धरून खाली उतरली. दुकानात परतायला अजून वेळ होता. ती नदीकडच्या बसमध्ये बसली, कड्याच्या अलीकडे उतरली, आणि बूट काढून, पँट दुमडून, दुर्बिणीशिवायच काठाकाठाने चालत निघाली. आधी पाय, मग डोळे, मग बिंदू.